पहिल्या रायफलीवर दुर्बीण लावावी की उघड्या साईटवर शिकावं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या सुटीत आमच्याकडे सरावाला येणारी पोरं आणि त्यांच्यासोबत येणारे बाप-काका बहुतेक हेच विचारतात. काही जण जळगाव-धुळ्याहून नवी कोरी छर्ऱ्याची रायफल (एअरगन) घेऊन येतात. काहींच्या घरात आजोबांची शेतीसंरक्षणाची बंदूक असते, तर एखाद्याचा भाऊ परदेशात शिकारीला जातो. प्रत्येकाला दिलेलं उत्तर थोडं वेगळं असलं, तरी मुळात ते एकच आहे. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतो.

सुरुवात कशाने करावी? एका वाक्यात सांगा.

उघड्या साईटने (म्हणजे भिंगाशिवाय, मागची खाच आणि नळीच्या टोकावरचा उंचवटा, म्हणजे माशी, जुळवून), छर्ऱ्याच्या रायफलीवर, दहा मीटरवरून, निदान एक पूर्ण हंगाम.

पण दुर्बिणीतून तर सगळं मोठं आणि स्वच्छ दिसतं. मग नवख्याला तीच सोपी नाही का?

दिसतं मोठं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. चारपट मोठं करणारी दुर्बीण तुमच्या हाताची थरथरही चारपट मोठी करून दाखवते. नवख्याला दुर्बिणीतली नेमाची फुली निशाणावरून इकडेतिकडे पळताना दिसते. मग ती मधोमध आली रे आली की तो चाप झटक्याने ओढतो. हा झटका एकदा बोटात बसला की काढायला दोन वर्षं लागतात. अशी कितीतरी पोरं मी पाहिली आहेत. हात तेवढाच हलत असतो, पण उघड्या साईटवर ते हलणं डोळ्यात भरत नाही. त्यामुळे पोरगं शांतपणे, हळूहळू चाप दाबायला शिकतं.

दुसरं कारण मानेचं. गाल दस्त्यावर (रायफलीच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावर) नेहमी एकाच जागी टेकायला हवा. उघड्या साईटवर गाल केसभर जरी सरकला तरी माशी खाचेतून बाजूला गेलेली लगेच दिसते. साईट स्वतःच तुम्हाला टोकते. दुर्बिणीत डोकं थोडं वाकडं असलं तरी चित्र बऱ्यापैकी दिसत राहतं आणि चूक लपून जाते.

मी स्वतः दुर्बिणीपासून सुरुवात केली होती. वर्षभर छर्रे उडवले आणि मग एका जुन्या फौजी माणसाने माझी दुर्बीण काढून ठेवायला लावली. पहिल्या दिवशी दहातले चार छर्रे कागदाच्या बाहेर गेले. माझं शिकणं खरं त्या दिवशी सुरू झालं.

खानदेशात शिकारीसाठी रायफल घेता येते का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे हौस म्हणून शिकार करणं गुन्हा आहे. यावल अभयारण्य असो, सातपुड्याचा पायथा असो की तुमच्या स्वतःच्या केळीच्या बागेचा बांध, कायदा सगळीकडे तोच. बरेच जण छर्ऱ्याच्या बंदुकीला खेळणं समजतात आणि तितर, लाव्हा, ससा यांच्यामागे लागतात. तोही गुन्हाच आहे. मोर पहिल्या अनुसूचीत येतो आणि त्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. आमच्याकडे सरावाला येणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी सांगतो की पाखरावर रोखलेली बंदूक दिसली तर उद्यापासून येऊ नकोस.

रानडुकरं आणि रोही (नीलगायी) मका, भुईमूग, दादर (रब्बी ज्वारी) रातोरात झोपवतात, हे मला माहीत आहे. माझं स्वतःचं शेत नदीकाठाला आहे. पण त्यावर उपाय वनविभागाकडूनच होतो. नुकसानीचा पंचनामा करून भरपाई मिळते आणि त्याच कायद्याच्या कलम ११ खाली अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. तो कागद हातात नसताना चाप दाबायचा नाही. कुंपणात वीज सोडणं तर त्याहून वाईट. त्या तारेला डुकराआधी शेजाऱ्याचा सालदार लागतो.

छर्ऱ्याच्या रायफलीला परवाना लागतो का?

०.१७७ बोअरची, म्हणजे ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याची, आणि २० ज्यूलच्या आत जोर असलेली रायफल परवान्याशिवाय घेता येते. बोअर किंवा जोर यापुढे गेला की २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागतो. बिल जपून ठेवा. आणि परवाना लागत नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही, दहा मीटरवरून डोळा जाऊ शकतो. निशाणाच्या मागे मातीचा जाड बांध किंवा छर्रे पकडणारी लोखंडी पेटी हवीच. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

उघड्या साईटमधून नेमकं काय बघायचं?

याचं उत्तर लांबलचक देतो, कारण सगळा खेळ इथेच आहे.

तुमच्यासमोर तीन वस्तू असतात. डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि लांबचं निशाण. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ बघू शकतो, त्यामुळे तिघांपैकी दोन गोष्टी धूसर दिसणारच. मन म्हणतं निशाणाकडे बघ. तुम्ही बघायचं माशीकडे. माशीची कड इतकी स्वच्छ दिसली पाहिजे की तिच्यावरचा ओरखडाही मोजता यावा. निशाणाचा काळा गोल थोडा धूसर दिसला तर तो तसाच राहू द्या.

आता माशी खाचेत बसवा. तिचा माथा खाचेच्या दोन्ही कडांशी एका पातळीत आणि दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट. काळा गोल माशीच्या डोक्यावर ठेवल्यासारखा दिसला की झालं. साईट निशाणाच्या मधोमध न धरता अशी खालून का धरायची? काळ्यावर काळी माशी दिसत नाही म्हणून.

हिशोब करून बघा. खाच आणि माशी यांच्यात अर्धा मीटर अंतर आहे असं धरू. माशी खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला गेली तर दहा मीटरवर छर्रा दोन सेंटिमीटर चुकतो. हीच चूक पन्नास मीटरवर दहा सेंटिमीटर होते. याउलट माशी खाचेत नीट बसलेली आहे, पण हात हलल्यामुळे सगळं चित्रच दोन मिलिमीटर बाजूला दिसतंय, तर छर्राही साधारण तेवढाच चुकतो. म्हणून माशी आणि खाच यांचं जुळणं जपायचं आणि हात हलतो त्याची फार काळजी करायची नाही.

“जिभाऊ, मन्हा नेम रोज खाले का जास?”

एका पोराने हे इतक्या कळवळून विचारलं होतं की तसंच, अहिराणीतच लिहिलं. खाली जाण्याची कारणं बहुतेक दोनच असतात. एक, शेवटच्या क्षणी नजर माशीवरून निशाणावर उडी मारते, माशी खाचेत बुडते आणि नळी खाली झुकते. दोन, आवाजाच्या भीतीने खांदा आधीच पुढे ढकलला जातो.

ओळखायचं असं. शेजारच्याने रायफल भरून द्यायची, पण मधूनच एखाद्या वेळी न सांगता छर्रा घालायचा नाही. तुम्हाला वाटेल छर्रा आहे. त्या वेळी नळीने खाली मान टाकली, तर कारण खांद्याचं. स्प्रिंगच्या (स्प्रिंगने पिस्टन ढकलून छर्रा सोडणाऱ्या) रायफलीवर मात्र हा प्रयोग करू नका. छर्ऱ्याशिवाय सोडली की पिस्टन आदळतो आणि आतलं सील फाटतं. तिथे फक्त छर्रा सुटल्यानंतर दोन सेकंद माशी कुठे राहिली ते बघत जा.

पीप साईट ही तिसरीच भानगड काय आहे?

मागच्या खाचेऐवजी बारीक भोकाची चकती. तुम्ही त्या भोकातून पलीकडे बघता आणि डोळा आपोआप भोकाच्या मध्यावर येतो. त्यामुळे तीनऐवजी दोनच गोष्टी जुळवाव्या लागतात. बारीक भोकामुळे माशी आणि निशाण दोन्ही जास्त स्वच्छ दिसतात. पुढेही टोकदार माशीऐवजी बहुधा गोल कडी असते आणि काळा गोल त्या कडीत बसवायचा असतो.

अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्यपदक आणलं. दोघांच्याही रायफलीवर दुर्बीण नव्हती, त्या स्पर्धांत ती चालतच नाही. दहा मीटरच्या त्या निशाणात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दुर्बिणीशिवाय अचूक नेम लागत नाही असं म्हणणाऱ्याला मी एवढंच सांगतो.

शालेय स्पर्धांत ओपन साईट आणि पीप साईट असे वेगळे गट असतात. मुलाला त्या वाटेने न्यायचं असेल तर दुर्बिणीवर एक रुपयाही खर्च करू नका.

मला चाळिशी लागली आहे. माशी धूसर दिसते. काय करू?

जवळचं धूसर दिसायला लागल्यावर आधी मागची खाच जाते आणि मग माशी. तुमचा दोष नाही, डोळ्यातलं भिंग कडक होतं म्हणून असं होतं. चष्मेवाल्याला माशीपर्यंतचं अंतर मोजून द्या आणि तेवढ्या अंतरासाठी नंबर काढायला सांगा, वाचायचा चष्मा इथे कामाचा नाही. नाहीतर पीप साईट लावा. पन्नाशीपुढच्या माणसाने सरळ दुर्बीण घेतली तरी मी त्याला अडवत नाही. दुर्बिणीत फुली आणि निशाण एकाच पातळीवर दिसतात, डोळ्याला धावपळ करावी लागत नाही. उघड्या साईटचा माझा आग्रह तरुण डोळ्यांसाठी आहे.

आजोबांची बारा बोअर आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. तिच्यावर दुर्बीण बसवू का?

नको. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत असते, रायफलीसारखे आटे नसतात. तिला मागची साईट नसते, टोकाला फक्त पितळेचा मणी असतो. तिचं काम जवळचं आहे, तीस-पस्तीस मीटरपर्यंतचं. तिथे दुर्बीण उलट नजर अडवते. परवाना कुणाच्या नावावर आहे तेही एकदा बघून घ्या. आजोबा वारले आणि बंदूक तशीच घरात पडून आहे, असं खेडोपाडी फार दिसतं. वारसाने जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायला हवा, तोवर तिला हातही लावू नये.

आणि ३१५ बोअरची रायफल असेल तर?

ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ आपल्याकडच्या परवानाधारकांत बरीच आढळते. पाच गोळ्यांची, बोल्टची, उघड्या साईटची. जुन्या रायफलींवर दुर्बीण बसवायची पट्टी नसते. ती बसवायला नळीच्या घरावर भोकं पाडावी लागतात. ते काम परवानाधारक बंदूक कारागिराशिवाय कुणाकडून करून घेऊ नका. लेथवाल्याकडून तर मुळीच नाही. त्या जागी गोळी सुटताना प्रचंड दाब असतो.

तिच्या मूळ साईटने पन्नास मीटरवर काय जमतं ते आधी अधिकृत रेंजवर बघा. बहुतेकांना तेवढंच पुरतं.

दुर्बिणीवर ३-९x४० असं लिहिलेलं असतं. ते काय?

तीनपासून नऊपटीपर्यंत मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. याच आकड्यांतून एक कामाची गोष्ट निघते. व्यासाला पटीने भागा. नऊपटीवर ४० भागिले ९, म्हणजे जेमतेम साडेचार मिलिमीटर रुंद उजेडाची धार तुमच्या डोळ्यात येते. साध्या ४x३२ मध्ये ती आठ मिलिमीटर असते. तिन्हीसांजेला डोळ्याची बाहुली मोठी होते, साडेचारची धार तिला अपुरी पडते आणि चित्र अंधारतं. डोळा थोडा हलला की काळी सावलीही येते. म्हणून पहिली दुर्बीण घ्यायची तर कमी पटीची, न बदलणारी, चारपटीची घ्या. दुकानदार नऊपटीची दाखवून “तेवढ्याच पैशात” म्हणेल. तेवढ्याच पैशात जास्त हलणारे भाग येतात आणि तेच आधी बिघडतात.

छर्ऱ्याच्या रायफलीवरची दुर्बीण महिन्याभरात बिघडली. माल खोटा होता का?

माल खोटा असेलच असं नाही, चुकीचा असेल. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे सरकते. मग पिस्टन टोकाला आदळतो आणि रायफल पुढे झटका खाते. एकाच छर्ऱ्याला दोन झटके, दोन दिशांना. गोळीच्या मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी एका दिशेच्या धक्क्यासाठी बांधलेल्या असतात, त्यामुळे महागडी दुर्बीणही इथे तुटू शकते. एअरगनसाठीच बनवलेली घ्या. दुर्बिणीच्या पकडीचा मागे सरकणं थांबवणारा खुंटा रायफलीच्या खोबणीत बसला आहे ना, ते बघा. स्क्रू थोडे-थोडे, आलटून-पालटून घट्ट करा. एका बाजूने आधी पिळले तर दुर्बिणीची नळी वाकते.

दुर्बिणीने भुवई फुटते म्हणतात, खरं आहे?

मोठ्या रायफलीवर खरं आहे. दुर्बिणीच्या मागच्या कडेपासून डोळा साधारण आठ-नऊ सेंटिमीटर लांब हवा. नवखा माणूस चित्र भरून दिसावं म्हणून मान पुढे घालतो आणि धक्क्याबरोबर कड भुवईत घुसते. अंगावर धावून येणाऱ्या दस्त्याला आधी खांदा भेटला पाहिजे.

दुर्बीण लावली, पण दहा मीटरला एक आणि पंचवीसला दुसरं. असं का?

दुर्बीण नळीच्या सुमारे चार सेंटिमीटर वर बसते. नजरेची रेघ आणि छर्ऱ्याची वाट वेगळ्या जागेवरून निघतात आणि जुळवलेल्या अंतरावर भेटतात. पंचवीस मीटरला जुळवली तर पाच मीटरवर छर्रा साधारण तीन सेंटिमीटर खाली लागणार. उघड्या साईटी नळीला चिकटून असतात, तिथे हा फरक फारसा जाणवत नाही.

जुळवणी करताना एका छर्ऱ्यावर विसंबू नका. पाच छर्रे मारा, त्यांचा मध्य धरा आणि तो सरकवा. बहुतेक दुर्बिणींवर जुळवणीच्या चकतीची एक टकटक म्हणजे शंभर मीटरवर सुमारे सात मिलिमीटर. पंचवीस मीटरवर ती दोन मिलिमीटरहूनही कमी भरते. पाच सेंटिमीटर सरकवायला अठ्ठावीस टकटक लागतात, आणि पोरं चार फिरवून “काहीच होत नाही” म्हणतात. उघड्या साईटवर मागची खाच ज्या दिशेला सरकवाल त्या दिशेला छर्रा जातो. माशी सरकवली तर उलट दिशेला.

आपल्या उन्हाचा काय परिणाम होतो?

जळगाव-भुसावळच्या बाजूला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तापलेल्या काळ्या जमिनीवरून झळा उठतात आणि जास्त पटीच्या दुर्बिणीत निशाण पाण्यातल्यासारखं हलतं. पट कमी करा, नाहीतर सकाळी नऊच्या आत सराव आटोपा. रायफल दुपारी बंद गाडीत ठेवू नका. धूळ बसलेलं भिंग उपरण्याने पुसू नका, आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा. कापसाच्या हंगामात हवेत तंतूही असतात, ते भिंगाला चिकटतात.

उघड्या साईटचा त्रास वेगळा. उन्हाने माशीची एक बाजू चकाकते, डोळा फसतो आणि नेम बाजूला सरकतो. जुना उपाय आजही चालतो. चिमणीच्या किंवा कापराच्या ज्योतीवर चमचा धरायचा आणि त्याची काजळी बोटाने माशीवर लावायची.

दुर्बिणीतून आजूबाजूला बघितलं तर चालेल ना? लांबचं छान दिसतं.

नाही. कधीच नाही. दुर्बीण जिकडे वळते तिकडे नळीही वळते. शेतात कोण हालचाल करतंय ते बघायला म्हणून तुम्ही माणसावर बंदूक रोखलेली असते. ओळख पटवायची ती हातातल्या साध्या दुर्बिणीने. ही चूक मी दुसऱ्यांदा माफ करत नाही, पोरगं कितीही गुणी असलं तरी.

भाऊ न्यूझीलंडला असतो. तिथे कायद्याने हरणाची शिकार चालते. त्याने पहिल्या रायफलीवर काय लावावं?

तिथली हरणं मूळची नाहीत. १९व्या शतकापासून बाहेरून आणलेली, जंगल खाणारी. त्यामुळे बंदुकीचा परवाना आणि सरकारी जमिनीसाठीची परवानगी घेतली की शिकार करता येते. तिथे मी दुर्बीणच लाव म्हणेन, आणि त्याचं कारण ते जनावर आहे.

डोळ्यापासून ऐंशी सेंटिमीटरवर असलेली दोन मिलिमीटर जाडीची माशी शंभर मीटरवरची पंचवीस सेंटिमीटर जागा झाकते. हरणाच्या छातीतली काळीज-फुप्फुसाची जागा वीसएक सेंटिमीटरची. म्हणजे जिथे गोळी लागायला हवी ती जागाच दिसत नाही. कागदावर चूक झाली तर कागद फाटतो. इथे चूक झाली तर पोट फुटलेलं जनावर रात्रभर तडफडतं. पण शिकणं त्यानेही उघड्या साईटवरच करावं, .२२ बोअरवर. आणि छोट्या ताटलीएवढ्या गोलात गुडघ्यावर बसून पाचही गोळ्या ज्या अंतरापर्यंत बसतात, त्याच्या पुढच्या हरणाला जाऊ द्यावं. तिथल्या बंदूक-सुरक्षेच्या सात नियमांत लक्ष्याची शंभर टक्के ओळख पटवण्याचा एक नियम आहे. झुडपात हललं म्हणून हरीण समजून सोबत्यालाच गोळी घातल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत.

लाल ठिपक्याची (काचेत फुलीऐवजी लाल ठिपका दाखवणारी) साईट कशी?

नवख्याला नको. ठिपका जिथे दिसतो तिथे लागतं या भरवशावर गाल कुठेही टेकायची सवय लागते.

मग उघड्या साईटवरून दुर्बिणीवर जायचं कधी?

दहा मीटरवर, उभं राहून नव्हे, आधाराने बसून, पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जायला हवेत. एकदा नाही, लागोपाठ तीन दिवस. त्यातला एक दिवस वारा असलेला धरा. आमच्याकडे पोरं तो कागद तारीख घालून भिंतीला टाचणीने लावतात. तिसरा कागद लागला की मी कपाटातून पाना काढतो आणि दुर्बीण कशी बसवायची ते त्यांच्याच हाताने करून घेतो.